प्राचीन अथेन्समधील दैनंदिन जीवन

प्राचीन अथेन्समधील दैनंदिन जीवन म्हणजे इ.स.पू. ५ व्या आणि ४ थ्या शतकांत अथेन्स या ग्रीक नगरराज्यात राहणाऱ्या लोकांचे घर, आहार, वस्त्रे, शिक्षण, श्रम, सण आणि करमणूक यांचे स्वरूप होय. प्राचीन ग्रीस हे एकसंध राष्ट्र नव्हते. भूमध्य समुद्र आणि काळा समुद्र यांच्या किनाऱ्यांवर शेकडो लहानमोठी नगरराज्ये पसरलेली होती आणि प्रत्येकाचे कायदे, नाणी व पंचांग वेगळे असे. अशा नगरराज्याला ग्रीक भाषेत ‘पोलिस’ म्हणत. मराठीत रूढ झालेला ‘पोलीस’ हा शब्दही युरोपीय भाषांच्या मार्गाने याच मुळापासून आला आहे. ‘प्राचीन ग्रीक लोक असे राहत’ या धर्तीची पाठ्यपुस्तकांतील बहुतेक विधाने प्रत्यक्षात एकट्या अथेन्सविषयी असतात, कारण उपलब्ध ग्रीक लेखनाचा फार मोठा भाग त्याच नगरात निर्माण झाला.

लोकशाही, तत्त्वज्ञान, शोकात्म नाटके आणि पार्थेनॉनचे मंदिर यांसाठी अथेन्स प्रसिद्ध आहे. तथापि सभेत मतदान करण्याचा अधिकार असलेले पुरुष हा तेथील लोकसंख्येचा लहान हिस्सा होता. स्त्रिया, मुले, परदेशी रहिवासी आणि गुलाम यांनी मिळून उरलेले नगर बनले होते. रोजचे दळण, विणकाम, पाणी भरणे, मुलांना शाळेत पोहोचवणे आणि खाणीत चांदी खणणे ही कामे प्रामुख्याने त्यांच्याकडे होती. त्यांनी स्वतः लिहिलेले जवळजवळ काहीही उरलेले नाही.

== अभ्यासाची साधने ==

ॲरिस्टोफेनीसची विनोदी नाटके, झेनोफन व प्लेटो यांचे संवाद आणि न्यायालयांतील भाषणे ही या विषयाची मुख्य लिखित साधने आहेत. त्यांपैकी भाषणे विशेष उपयुक्त ठरतात. आपली बाजू पटवून देण्याच्या भरात पक्षकार घराची रचना, हुंड्याची रक्कम, शेजाऱ्यांशी झालेली भांडणे आणि घरातील दासींची ये-जा यांविषयी सहज बोलून जातो. तो खोटे बोलत असण्याची शक्यता असतेच. मात्र श्रोत्यांना पटेल असेच खोटे त्याला बोलावे लागत असल्याने नेहमीची रीत कोणती होती हे त्यातूनही कळते. ही सर्व साधने प्रौढ पुरुषांनी लिहिलेली असून त्यांतील बहुतेक लेखक सुखवस्तू होते.

ही उणीव काही अंशी पुरातत्त्वाने भरून निघते. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे मुख्य बाजारचौकात, १९३१ पासून अमेरिकन पुरातत्त्वज्ञांचे उत्खनन चालू आहे. तेथील जुन्या विहिरींत टाकून दिलेल्या फुटक्या भांड्यांतून, खेळण्यांतून आणि हाडांतून घरगुती जीवनाचा तपशील हाती आला. मातीच्या भांड्यांवरील चित्रेही महत्त्वाची आहेत. मात्र ती विकण्यासाठी काढलेली असत व ग्राहकाला जे पाहायला आवडे तेच त्यांत येई, हे लक्षात ठेवावे लागते.

== समाजाचे स्तर ==

अथेन्सच्या ताब्यातील प्रदेशाला ॲटिका म्हणत. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर होते. प्रौढ पुरुष नागरिकांची संख्या निरनिराळ्या काळांत ३०,००० ते ६०,००० च्या दरम्यान आणि एकूण लोकसंख्या अडीच ते तीन लाखांच्या आसपास असावी, असा अंदाज केला जातो. म्हणजे पाच ते आठ माणसांमागे एक मतदार. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीजच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यानुसार आई आणि वडील दोघेही अथेनियन असतील तरच मुलाला नागरिकत्व मिळू लागले.

बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना ‘मेटिक’ म्हणत. पुरुष मेटिकाला वर्षाला १२ ड्राक्मा कर भरावा लागे. त्याला सैन्यात जावे लागे. पण जमीन किंवा घर विकत घेता येत नसे. व्यापार व कारागिरीत मात्र हा वर्ग पुढे होता. वक्ता लिसियस हा मेटिक होता आणि त्याच्या कुटुंबाच्या मालकीचा ढालींचा कारखाना होता.

१ ड्राक्मा म्हणजे ६ ओबोल. इ.स.पू. ५ व्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण १ ड्राक्मा असे. पुढे येणाऱ्या रकमा या मापाने वाचल्यास त्यांचा अर्थ लागतो.

== घर ==

सार्वजनिक इमारती संगमरवरी असल्या तरी घरे साधी होती. दगडी पायावर कच्च्या विटांच्या भिंती आणि वर कौले, अशी त्यांची बांधणी असे. भिंती इतक्या मऊ असत की चोर दाराच्या वाटेला न जाता सरळ भिंतच पोखरत. चोरासाठी रूढ असलेल्या एका ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ ‘भिंत खणणारा’ असा होतो. मराठीतील ‘घरफोड्या’ त्याच्या अगदी जवळचा आहे.

घराच्या मध्यभागी अंगण असे आणि खोल्या त्याभोवती असत. रस्त्याच्या बाजूला खिडक्या थोड्या व उंचावर ठेवत. पाहुण्यांसाठी ‘आन्द्रॉन’ नावाची पुरुषांची बैठक असे. भिंतींच्या कडेने दिवाणांची रांग मांडता यावी म्हणून तिचे दार बहुधा मध्यावर न ठेवता एका बाजूला काढलेले आढळते. स्त्रियांचा वावर आतल्या किंवा वरच्या खोल्यांत असे. ही विभागणी किती काटेकोर होती याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. उत्तर ग्रीसमधील ओलिंथस हे नगर मॅसेडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केले. तेथील शंभराहून अधिक घरांचे उत्खनन झाले असून त्यांत मागाची वजने व स्वयंपाकाची भांडी केवळ एखाद्या ‘स्त्रियांच्या दालनात’ नव्हे, तर घरभर विखुरलेली सापडली. लिसियसने लिहून दिलेल्या एका भाषणातील गृहस्थ सांगतो की, मूल झाल्यावर त्याला धुण्यासाठी पत्नीला रात्री जिन्यावरून उतरावे लागू नये म्हणून त्याने स्त्रियांची खोली खाली आणली आणि स्वतः वर राहू लागला. गरज पडली की घराची रचना बदलत असे, हे यावरून दिसते.

पाणी विहिरीतून, टाक्यांतून किंवा सार्वजनिक पाणवठ्यांवरून आणावे लागे. घरोघरची घाण उचलून नेणारे लोक असत. ही घाण नगराच्या तटापासून १० स्टेडच्या, म्हणजे सुमारे पावणेदोन किलोमीटरच्या, आत टाकली जाणार नाही यावर देखरेख ठेवणारे अधिकारी नेमलेले होते.

== आहार ==

ग्रीक लोक जेवणाचे दोन भाग मानत. ‘सितोस’ म्हणजे धान्याचा मुख्य पदार्थ आणि ‘ऑप्सॉन’ म्हणजे त्याबरोबर खायचे तोंडीलावणे. भाकरी आणि कोरड्यास ही मराठी जोडी त्याच विचाराची आहे. ऑप्सॉन अधिक आणि सितोस कमी खाणाऱ्याला हावरट समजत. ॲटिकाच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत गव्हापेक्षा जव चांगले येत. जव भाजून, दळून, पाण्यात किंवा दुधात मळून केलेला ‘माझा’ नावाचा गोळा हे सामान्यांचे रोजचे अन्न होते. गव्हाची भाजलेली पोळी त्याहून वरच्या दर्जाची मानली जाई. त्यासोबत ऑलिव्ह, कांदा, लसूण, डाळी, शेळीचे चीज, अंजीर आणि परवडल्यास मासे असत. गोडासाठी मध होता व हायमेटस डोंगरावरील मध नावाजलेला होता. टोमॅटो, बटाटा, मिरची आणि मका हे अमेरिका खंडातून पुढे सुमारे दोन हजार वर्षांनी युरोपात आले. त्यामुळे आज ‘ग्रीक’ म्हणून ओळखले जाणारे अनेक पदार्थ पेरिक्लीजने कधीही चाखलेले नव्हते.

मांस मुख्यतः यज्ञबळीच्या निमित्ताने मिळे. बळीची हाडे व चरबी देवांसाठी अग्नीत अर्पण करीत आणि मांस उपस्थितांत वाटून घेत. द्राक्षमद्य पाणी मिसळूनच पिण्याची रीत होती. ते निर्भेळ पिणे रानटीपणाचे समजले जाई.

पिकणारे धान्य नगराला पुरत नसे. डिमॉस्थेनीसने इ.स.पू. ३५५ च्या सुमारास दिलेल्या भाषणात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील बॉस्पोरस राज्यातून वर्षाला ४,००,००० मेडिम्नॉस (एक मेडिम्नॉस म्हणजे सुमारे ५० लिटर) धान्य येत असल्याचे म्हटले आहे. हा सागरी मार्ग तुटला की अथेन्सची उपासमार होई. इ.स.पू. ४०५ मध्ये स्पार्टाने अथेन्सचे आरमार नष्ट केल्यावर नगराने काही महिन्यांतच शरणागती पत्करली, त्यामागे हेच कारण होते.

== वस्त्रे व विणकाम ==

कपडे जवळजवळ न शिवलेले असत. लोकरीचा किंवा तागाचा आयताकृती कपडा अंगाभोवती लपेटून खांद्यावर टाचण्यांनी अडकवत व कमरेला पट्टा बांधत. आतील वस्त्राला ‘खिटॉन’ आणि वरून घेण्याच्या शालीसारख्या वस्त्राला ‘हिमॅटिऑन’ म्हणत. लोकर पिंजणे, चातीवर कातणे आणि उभ्या मागावर विणणे हे घरातील स्त्रियांचे व दासींचे न संपणारे काम होते. या मागाचा ताणा खाली मातीची वजने बांधून ताठ ठेवत. लाकडी माग कुजून गेले, पण ही वजने ग्रीक उत्खननांत सर्वत्र सापडतात. एखाद्या घरात स्त्रिया कोठे बसून काम करीत, हे बहुधा त्यांवरूनच ठरवले जाते.

== बालपण ==

मुलगा जन्मला की घराच्या दारावर ऑलिव्हच्या डहाळ्यांची माळ लावत आणि मुलगी झाली की लोकर टांगत. पुढील आयुष्यात दोघांकडून काय अपेक्षित आहे, हे दारावरच जाहीर होई. जन्मानंतर काही दिवसांनी ‘ॲम्फिड्रोमिया’ विधीत बाळाला चुलीभोवती फिरवून कुटुंबात सामावून घेत. दहाव्या दिवशी नामकरण करण्याची प्रथा होती आणि पहिल्या मुलाला बहुधा आजोबांचे नाव ठेवत. बाळ वाढवायचे की नाही हा निर्णय पित्याचा असे. नको असलेली अर्भके उघड्यावर टाकून दिली जात. ही प्रथा किती प्रचलित होती आणि तिची झळ मुलींना किती अधिक लागे, हा वादाचा विषय आहे.

जी मुले वाढली त्यांच्या खेळण्यांचे नमुने मोठ्या संख्येने मिळाले आहेत. मातीचे खुळखुळे, भोवरे, चाकांवरचे घोडे आणि हातपाय हलणाऱ्या बाहुल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. अगोरातील उत्खननात इ.स.पू. ६ व्या शतकातील एक उंच मातीची बैठक सापडली असून तिचा उपयोग तान्ह्या मुलांना शौचासाठी बसवण्याकरिता होई. ती कशी वापरत हे एका भांड्यावरील चित्रातही दिसते. मेंढीच्या किंवा शेळीच्या घोट्याची हाडे उडवून झेलण्याचा खेळ मुलींत फार आवडता होता. पाच खडे उडवून हाताच्या पालथ्या बाजूवर झेलण्याचा त्याचा प्रकार सागरगोट्यांशी मिळताजुळता आहे. वसंताच्या आरंभी येणाऱ्या ‘अँथेस्टेरिया’ सणात लहान मुलांना इवलेसे मद्यकलश भेट देत. त्यांवर रांगणारी, गाडा ओढणारी, कुत्र्याशी खेळणारी मुले चितारलेली असत. अशा सणापूर्वीच दगावलेल्या बालकांच्या थडग्यांतही असे कलश ठेवलेले आढळले आहेत.

=== मुलांचे शिक्षण ===

अथेन्समध्ये सरकारी शाळा नव्हत्या. पालक शुल्क भरून मुलाला सातव्या वर्षाच्या सुमारास खासगी शिक्षकाकडे पाठवत. तो किती वर्षे शिकेल हे कुटुंबाच्या ऐपतीवर अवलंबून असे. शिक्षक तीन प्रकारचे होते. पहिला लेखन-वाचन व गणित शिकवी, दुसरा वीणेसारखे लायर हे वाद्य व गायन, आणि तिसरा कुस्ती, धावणे आदी व्यायाम. मेण लावलेल्या लाकडी पाटीवर टोकदार लेखणीने अक्षरे कोरत आणि लेखणीच्या चपट्या टोकाने मेण पुन्हा सपाट करीत. अक्षरओळख झाल्यावर होमरच्या महाकाव्यांतील दीर्घ उतारे मुखोद्गत करावे लागत. चित्रकार डूरिस याने इ.स.पू. ४८० च्या थोडे आधी रंगवलेल्या एका प्याल्यावर शाळेचे दृश्य आहे. त्यात गुरू हातात गुंडाळी धरून बसला आहे व मुलगा त्याच्यासमोर उभा राहून पाठ म्हणत आहे. हा प्याला बर्लिनच्या संग्रहालयात आहे.

मुलाला शाळेत नेणारा, त्याचे सामान वाहणारा आणि त्याच्या वागणुकीवर लक्ष ठेवणारा ‘पैदागोगोस’ हा घरातील गुलाम असे. ‘अध्यापनशास्त्र’ या अर्थी युरोपीय भाषांत रूढ झालेला शब्द याच गुलामाच्या नावावरून बनला आहे. शिक्षकालाही फारसा मान नव्हता. डिमॉस्थेनीसने आपला प्रतिस्पर्धी एस्किनीस याची टवाळी करताना, तो लहानपणी बापाच्या शाळेत शाई घोटत होता, बाके पुसत होता आणि वर्ग झाडत होता, असे भर न्यायालयात सांगितले. सूर्योदयापूर्वी शाळा उघडू नये व सूर्यास्तापूर्वी ती बंद करावी असा कायदा असल्याचे याच एस्किनीसने एका भाषणात नमूद केले आहे.

ग्रीसमध्ये शाळा किती रुजल्या होत्या याचा पुरावा काही अत्यंत दुःखद नोंदींतून मिळतो. हेरोडोटसच्या मते इ.स.पू. ४९४ च्या सुमारास किऑस बेटावर मुले अक्षरे शिकत असताना शाळेचे छप्पर कोसळले आणि १२० मुलांपैकी केवळ एक वाचले. थ्युसिडिडीजने नोंदवल्याप्रमाणे इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सने भाड्याने आणलेल्या व परत पाठवलेल्या थ्रेशियन सैनिकांनी वाटेत मिकालेसस या छोट्या गावावर पहाटे हल्ला केला. तेथील सर्वांत मोठ्या शाळेत मुले नुकतीच येऊन बसली होती. त्यांतील एकालाही त्यांनी जिवंत सोडले नाही. या सैनिकांचे नेतृत्व एका अथेनियन सेनापतीकडे होते. स्वतः अथेनियन असूनही थ्युसिडिडीजने ही घटना झाकलेली नाही. याच्या उलट एक नोंद प्लुटार्कने केली आहे. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन आक्रमणामुळे अथेन्स रिकामे करावे लागले, तेव्हा ट्रोझेन नगराने निर्वासित कुटुंबांचा खर्च उचलला, त्यांच्या मुलांना कोठूनही फळे तोडून घेण्याची मुभा दिली आणि शिक्षकांचे शुल्कही भरले. प्लुटार्क या घटनेनंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी लिहीत होता, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

=== मुली ===

मुलींना शाळेत पाठवत नसत. कातणे, विणणे, स्वयंपाक आणि घराची व्यवस्था त्या आईकडून शिकत. काही मुली वाचायला शिकत असाव्यात, असे भांड्यांवरील चित्रांवरून वाटते. ॲटिकाच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्राउरॉन येथे आर्टेमिस देवीच्या सेवेसाठी निवडक मुली काही काळ राहत आणि ‘अस्वल होण्याचा’ विधी करीत. तेथे धावणाऱ्या मुलींची चित्रे असलेली लहान भांडी सापडली आहेत. मुलीचा विवाह सामान्यतः चौदा-पंधराव्या वर्षी होई आणि वराचे वय तिशीच्या आसपास असे. झेनोफनच्या एका संवादातील इस्कोमाखस सांगतो की, लग्न होऊन आली तेव्हा त्याची पत्नी पंधरा वर्षांचीही नव्हती आणि तिला शक्य तितके कमी पाहू व ऐकू देऊन वाढवले होते. विवाहापूर्वी मुली आपली खेळणी आर्टेमिसला अर्पण करीत.

== स्त्रिया ==

कायद्याच्या दृष्टीने स्त्री आयुष्यभर कोणातरी पुरुषाच्या पालकत्वाखाली असे. प्रथम पित्याच्या, नंतर पतीच्या किंवा मुलाच्या. जवाच्या एका मेडिम्नॉसच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार तिला स्वतःच्या अधिकारात करता येत नसे. प्रतिष्ठित स्त्रीने घरातच राहावे असा आदर्श होता. मात्र तो पाळण्यासाठी पाणी भरायला आणि बाजारात जायला दासी असावी लागे. गरीब घरांतील स्त्रिया बाजारात पाव, भाजी, फुलांच्या माळा विकत. इ.स.पू. ३४५ च्या सुमारास युक्सिथिअस नावाच्या माणसाचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्याची आई फिती विकते आणि तिने दाई म्हणून दुसऱ्याचे मूल सांभाळले होते, हे त्याच्याविरुद्धच्या आरोपांपैकी एक होते. गरिबीमुळे अनेक अथेनियन स्त्रियांना अशी कामे करावी लागली, असे उत्तर त्याने दिले. घराच्या उंबऱ्याआडचा आदर्श सर्वांना परवडणारा नव्हता, हे या एका खटल्याइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

धर्मकार्यात मात्र स्त्रियांना मोठे स्थान होते. नगरदेवता अथेनाचे सर्वोच्च पौरोहित्य स्त्रीकडे असे. ‘थेस्मोफोरिया’ हा धान्यदेवता डिमीटरचा सण फक्त विवाहित स्त्रिया साजरा करीत.

== गुलाम ==

सामान्य शेतकऱ्याकडेही एखादा गुलाम असणे नवलाचे नव्हते. बहुतेक गुलाम युद्धात पकडलेले किंवा थ्रेस, सीरिया, कॅरिया, सिथिया अशा प्रदेशांतून विकत आणलेले असत. इ.स.पू. ४१४ मध्ये धर्मभ्रष्टतेच्या खटल्यात दोषी ठरलेल्यांच्या मालमत्तेचा लिलाव झाला. त्याची यादी दगडावर कोरलेली असून तिचे तुकडे उपलब्ध आहेत. तीत केफिसोडोरस नावाच्या मेटिकाच्या गुलामांच्या किमती एकाखाली एक दिल्या आहेत: एक थ्रेशियन स्त्री १६५ ड्राक्मा, एक कॅरियन लहान मुलगा ७२ ड्राक्मा. त्या मुलाचे नाव यादीत नाही.

गुलामांचे काम व त्यांची स्थिती यांत मोठी तफावत होती. ॲक्रोपोलिसवरील इरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे इ.स.पू. ५ व्या शतकाच्या अखेरचे हिशेब शिल्लक आहेत. त्यांत ज्यांचा दर्जा निश्चित करता येतो अशा ८६ कामगारांपैकी २४ नागरिक, ४२ मेटिक आणि २० गुलाम होते. एकाच कामासाठी सर्वांना सारखीच मजुरी मिळे, फक्त गुलामाची मजुरी मालकाच्या हाती जाई. दुसऱ्या टोकाला लॉरिऑनच्या चांदीच्या खाणी होत्या. तेथे तेलाच्या दिव्याच्या उजेडात, सरपटतच जाता येईल अशा अरुंद बोगद्यांत गुलाम काम करीत. सेनापती निकियस याने आपले १,००० गुलाम या खाणींसाठी माणशी दिवसाला १ ओबोल भाड्याने दिले होते, असे झेनोफन सांगतो. याच चांदीतून अथेन्सचे आरमार उभे राहिले होते. गुलामाची साक्ष त्याचा छळ करूनच घेतली जावी, असा न्यायालयाचा नियम होता. थ्युसिडिडीजच्या अंदाजाप्रमाणे पेलोपोनीशियन युद्धाच्या उत्तरार्धात वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले आणि त्यांतील बरेचसे कुशल कारागीर होते.

अगोरातील एका विहिरीत शिशाच्या पत्र्यावर कोरलेले इ.स.पू. ४ थ्या शतकातील एक पत्र सापडले. लेसिस नावाच्या मुलाने ते आपल्या आईला व झेनोक्लीस नावाच्या व्यक्तीला पाठवले होते. धातूच्या भट्टीवर आपल्याला एका दुष्ट माणसाच्या हवाली केले आहे, चाबकाचे फटके खाऊन व बांधून घातल्याने आपण मरणाला टेकलो आहोत, तरी दोघांनी मालकांकडे जाऊन आपल्यासाठी दुसरी काही सोय करावी, अशी विनवणी त्यात आहे. लेसिस गुलाम होता की कामावर ठेवलेला उमेदवार, याविषयी एकमत नाही. अथेन्सच्या श्रमिक मुलाचा आवाज इतक्या जवळून ऐकवणारी साधने अत्यल्प आहेत.

== बाजार, सभा व न्यायालये ==

अगोरा हे बाजाराचे, गप्पांचे आणि कारभाराचे ठिकाण होते. खरेदीसाठी बहुधा पुरुष किंवा गुलाम जात. वजनमापे तपासणारे अधिकारी तेथे फिरत. अगोराच्या सीमेलगत चांभाराचे खिळे आणि ‘सिमॉनचा’ असे कोरलेल्या प्याल्याचा तुकडा एका घरात मिळाला. सॉक्रेटिस ज्याच्या दुकानात बसून बोलत असे त्या सिमॉन चांभाराशी या घराचा संबंध जोडला जातो.

नागरिकांची सभा निक्स टेकडीवर भरे व इ.स.पू. ४ थ्या शतकात ती वर्षातून सुमारे ४० वेळा होई. बहुतेक पदे चिठ्ठ्या टाकून भरली जात. न्यायालयात शेकडो नागरिक निर्णय देण्यासाठी बसत आणि भाषणांची वेळ पाणघड्याळाने मोजली जाई. त्यांना प्रथम २ व पुढे ३ ओबोल भत्ता मिळे. एखाद्या नेत्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करावयाचे असल्यास मातीच्या खापरीवर त्याचे नाव कोरून मत देत. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीसचे नाव असलेल्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या, पण त्यांवरील हस्ताक्षरे मोजक्याच लोकांची आहेत. त्यामुळे विरोधकांनी त्या आधीच लिहून वाटण्यासाठी तयार ठेवल्या असाव्यात असे मानले जाते.

== सण व रंगभूमी ==

अथेन्सच्या पंचांगात आठवडा नव्हता व साप्ताहिक सुट्टीही नव्हती. विश्रांती मिळे ती सणांमुळे. उन्हाळ्यात येणाऱ्या ‘पॅनअथेनिया’ उत्सवात अथेनाला नवे विणलेले वस्त्र अर्पण करण्यासाठी मिरवणूक निघे. वसंतातील ‘डायोनिसिया’ उत्सवात उघड्या नाट्यगृहात अनेक दिवस नाटकांच्या स्पर्धा चालत. सर्व भूमिका मुखवटे घातलेले पुरुषच करीत. श्रीमंत नागरिकांना वृंदगायकांच्या तालमीचा खर्च उचलण्याची सक्ती असे. प्रेक्षकांत स्त्रिया असत की नाही, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

== रोगराई ==

इ.स.पू. ४३० मध्ये, स्पार्टाशी युद्ध चालू असताना, खेड्यापाड्यांतील लोक तटाच्या आत दाटीवाटीने राहत होते. त्याच वेळी नगरात साथ पसरली आणि लोकसंख्येचा चौथा ते तिसरा हिस्सा दगावला असावा. पेरिक्लीजही इ.स.पू. ४२९ मध्ये या साथीत मरण पावला. भुयारी रेल्वेच्या कामादरम्यान १९९४–९५ मध्ये केरामेइकॉस भागात घाईने पुरलेल्या सुमारे १५० प्रेतांचा खड्डा सापडला. त्यातील सुमारे अकरा वर्षांच्या एका मुलीच्या कवटीवरून ग्रीक शास्त्रज्ञांनी तिचा चेहरा पुन्हा घडवला व तिला ‘मिर्टिस’ हे नाव दिले. पेरिक्लीजच्या काळातील अथेन्सची एक सामान्य मुलगी कशी दिसत असेल, हे त्यामुळे प्रथमच पाहता आले. तिचे खरे नाव अज्ञात आहे.

== स्पार्टाशी तुलना ==

स्पार्टात मुलांचे शिक्षण राज्याच्या हाती होते. सातव्या वर्षी मुलगा घर सोडून समवयस्कांच्या तुकडीत दाखल होई आणि त्याला उपासमार, थंडी व मार सहन करायला शिकवले जाई. मुलींनाही व्यायामाचे शिक्षण मिळे व त्यांचे विवाह अथेन्सपेक्षा उशिरा होत. शेतीचा भार ‘हेलॉट’ नावाच्या दास बनवलेल्या शेजारी जनतेवर होता. स्पार्टाविषयीची बहुतेक वर्णने परक्यांनी, आणि बऱ्याचदा कौतुकाने, लिहिलेली असल्यामुळे ती जपून वाचावी लागतात.

== भारतीय भाषा व महाराष्ट्राशी दुवे ==

अथेनियन लोक स्वतःला आयोनियन वंशाचे मानत. याच वंशनामापासून पर्शियन भाषेच्या मार्गाने संस्कृत ‘यवन’ हा शब्द आला. अलेक्झांडरच्या स्वारीनंतरच्या शतकांत ग्रीकांशी संपर्क वाढला आणि काही ग्रीक शब्द भारतीय भाषांत रुळले. ‘ड्राक्मा’पासून संस्कृत ‘द्रम्म’ व त्यापासून मराठी ‘दाम’ आला. ज्योतिषातील ‘होरा’ आणि भूमितीतील ‘केंद्र’ हेही मूळचे ग्रीक आहेत. कार्ले व जुन्नर येथील लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांचे उल्लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दान दिल्याचे त्यांवर कोरले आहे. या दात्यांची नावे मात्र भारतीय वळणाची असल्याने ते वंशाने ग्रीक होते का, याविषयी मतभेद आहेत. आधुनिक काळात पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीसच्या ईडिपसवरील नाटकाचे ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठी रूपांतर केले.